पॅग्निस लेन

पार्सल सोडवायला गेलो तेव्हा विचारलं, आत काय?
मी म्हटलं, बहीण.
मग सावरून म्हटलं, पत्रा. रस्त्याच्या नावाचा पत्रा.
अकराशे चाळीस रुपये भरले.

हिरवा, पांढऱ्या अक्षरांचा, दोन भोकं,
एका भोकाशी गंज.
कारेलीबागेतल्या आमच्या स्वयंपाकघरात
फ्रीजला टेकवून ठेवलाय.
पागनीसचं तिथे पॅग्निस झालं.
ती म्हणायची, मतदाराच्या जिभेला व्यायाम द्यायचा नसतो.

कुमुदने पहिला अर्ज अकराव्या वर्षी लिहिला,
दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीतून:
नळाचं तोंड मोडलंय, बायका चिंधी बांधतात,
चिंधी रोज चोरीला जाते.
खाली सही, इयत्ता, तुकडी.
नळ आला नाही. चपराशी आला,
कोण ही कुमुद, ते बघायला.

मग ती गेली. नदीकाठचं गाव,
कागदाची गिरणी बंद पडलेली.
पाण्याच्या बाटल्या तपासायची नोकरी.
एका बाटलीत शिसं निघालं.
साहेब म्हणाले, पुन्हा तपास.
तिने पुन्हा तपासलं
आणि गावसभेत बाटली टेबलावर ठेवली.
पुढच्या वर्षी टेबलापलीकडची एक खुर्ची तिची होती.

सहा वेळा निवडून आली.
एकदा वरच्या सभागृहासाठी उभी राहिली,
दोनशे बारा मतांनी पडली.
दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात, हातात
फुटक्या गटारझाकणांची यादी.
बर्फ पडला की कुठला रस्ता आधी मोकळा करायचा
याची वही तिच्याकडे:
डायलिसिसवाले पहिले. महापौर एकोणिसावे.

हे मला फार उशिरा कळलं.
आई गेली त्या रात्री तिकडे मतदान होतं,
नव्या पाइपांच्या बजेटवर.
एका मताने मंजूर झालं.
ते एक मत तिचं.
पाच वर्षं मी बोललो नाही.
पत्रं यायची. तिकिटं कापून घ्यायचो
आणि पत्र ड्रॉवरमध्ये, न उघडता.
तिकिटं मात्र नीट वहीत चिकटवली, का कोण जाणे.

मग विश्वामित्री चढली.
जिन्यात पाणी, पाण्यात मगरीचं पिल्लू,
लाइट नाही, आणि फोन वाजला.
कसा आहेस वगैरे काही नाही.
“काळ्या घोड्याच्या पुलाशी किती फूट?”
मी म्हटलं, एकतीस म्हणतात.
“खालच्या म्हाताऱ्यांना वर घे. औषधं आधी, भांडी नंतर.”
फोन बंद.
घेतलं वर. चौघं होते.
त्यातला एक पार्किंगवरून जन्मभर माझ्याशी भांडलेला.
तीन दिवस आमच्या पलंगावर झोपला, घोरला.

पुढच्या थंडीत ती आली, काठी टेकत.
सूरसागरभोवती फिरायला नेलं
तर महादेवाकडे बघेना, दिवे मोजत बसली.
चौदा बंद.
सकाळी वॉर्ड ऑफिसात गुजराती अर्ज,
अक्षर चौथीतल्या मुलीचं.
कारकून म्हणाला, बेन, तमे कोण?
ती बराच वेळ विचार करत होती.
“माझा आधीचा एक अर्ज बाकी आहे,” म्हणाली,
“अठ्ठावन्न सालचा.”
तो हसला. ती हसली नाही.
दिवे नऊ लागले.

मार्चमध्ये गेली.
शेवटची दोन पत्रं मी अजून उघडलेली नाहीत,
संपून जातील म्हणून.

पत्रा आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी लावायचा आहे.
पुतण्या म्हणतो, दोन खिळे ठोक, कोण विचारतंय.
पण तिचा पत्रा परवानगीशिवाय कसा लावू?
अर्ज दिला. आवक क्रमांक चारशे सतरा.
मंगळवारी जातो, पंख्याखाली बसतो.
चपराशी आता पाणी विचारतो.

परवा नव्या कारकुनाने सगळा अर्ज वाचला,
मागचं पानसुद्धा.
म्हणाला, काका, तो नळ आहे का तिथे अजून?

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं.
बघून येतो, म्हटलं.