शिरधनकर, एवढंच कळवा

शिरधनकर, तुम्ही म्हणालात, "फाईल पुढे गेलीय."
पुढे म्हणजे कुठे?
मारुती मंदिरच्या शाखेत, की तुमच्या स्कूटरच्या डिकीत?

मी मिरकरवाड्यात बर्फ कारखान्याचे हिशेब लिहिते.
बोटीवरून तांडेल वायरलेसवर सांगतो,
"आज काही नाही, बर्फ फोडू नका."
त्यावर आमचा दिवस ठरतो.

तुमच्या दोन निळ्या खुणा
नऊ दिवस बघतेय.
बिल्डरचा फोन रोज येतो.
नवरा विचारतो, मी म्हणते, होईल.

नाही म्हणा हवं तर.
पगार कमी पडतो म्हणा.
फक्त ते "बघतो ताई" नको.

काल अर्धवट बांधलेल्या दुसऱ्या मजल्यावर
खिडकी येणार तिथे उभी राहिले.
रेंज चांगली आहे तिथे.