वजा अकराशे तीन

भूमला आमच्या खव्याच्या भट्टीवर
खिळ्याला टांगलेली एक वही.
सात गुरुवार, सात आकडे, किलोत:
एकतीस, तेहतीस, चौतीस, तेहतीस, शून्य, बत्तीस, तीस.

लातूरहून पहिल्याच सुट्टीला आलेली मी
आलेखाचा कागद पोत्यावर पसरते.
दूध आणि खवा, ही सरळ रेष:
पाचाला एक. कोटी पहिली.
भट्टीचं भाडं स्थिर, कोटी शून्य.
"कोटी?" अण्णा उलथनं थांबवत नाहीत,
"हितं हजाराचे वांधे."

मग एकही ठिपका न चुकवणारी
सहाव्या कोटीची बहुपदी काढली.
पुढच्या गुरुवारचं विचारलं तर म्हणाली:
वजा अकराशे तीन.
गफूरचाचा जाळ सारायचं विसरून हसले,
"एवढा खवा कढईत माघारी कसा घालायचा गं?"

शून्य खोडलं. वर्ग बहुपदी घेतली,
ठिपक्यांच्या जवळून, पण न शिवता जाणारी.
वर्गपदाचा सहगुणक ऋण:
घासून उपडी घातलेली कढई.
सत्तावीस, ती म्हणाली.
"म्हशी आटायल्यात," अण्णांनी मान हलवली,
"तेवढाच निघंल."

"आन् हे शून्य कशाचं?"

उलथनं काठाशी थबकलं.
"तुला होस्टेलात सोडायला आल्तो, त्या दिवशीचं."

शून्य बहुपदीची कोटी ठरवता येत नाही,
पुस्तकात एवढंच आहे.
खोडलेला ठिपका मी परत काढते,
रेषेपासून लांब, तळाला.

"अण्णा, खवा लागला!" चाचा ओरडतात.