मोहरी

कापराच्या डबीत तिनं सगळं झाडून आणलं होतं:
एक स्क्रू,
काळ्या प्लॅस्टिकच्या खटक्याचा तुकडा,
दोन्ही टोकांना चंदेरी, तपकिरी, एवढासा कपॅसिटर
आणि एक मोहरी.
"कुठलं कशाचं ते मला कळेना," म्हणाली,
"म्हणून काहीच टाकलं नाही."

कार्ड टॉवेलात गुंडाळलेलं.
रिवणहून कुडचड्यापर्यंत बसमध्ये
मांडीवर धरून आणलेलं.
पावतीवर नाव सुलक्षा वेळीप,
कार्ड साईशचं. बारावीला.
पडलं का, मी विचारलं.
हो, म्हणाली.

मी भिंग ओढून घेतलं.
पडलेलं कार्ड कोपऱ्यात चेपतं.
हे ओढलेलं होतं,
मागचा खटका न दाबता, तिरकं,
एका हिसक्यात.
सोनेरी दातांतला एक मुळातून उचकटलेला,
आणि त्याच्या वर, हिरव्या कातडीवर,
तीन रेघा तुटलेल्या.
मी काही बोललो नाही.
पंचवीस वर्षं या टेबलाशी
सगळ्यांचं सगळं पडलेलंच असतं.

पंख्याच्या पात्यांत लाल धूळ.
खाणी थांबल्या तरी ती अजून येतेच,
सगळ्या यंत्रांच्या पोटात मला तीच सापडते.
कागदावर झटकली, खाली चुंबक फिरवलं,
थोडी सरकली.
"टिपर विकला," ती म्हणाली,
"हप्ते फेडून उरलं त्यातून घेतलेलं हे."
मग पावती घडी करून ब्लाउजात ठेवून
पावणेसहाच्या बसला गेली.

रात्री शटर अर्धं ओढून बसलो.
स्काल्पेलच्या टोकानं हिरवा रंग खरवडला
तांबं दिसेपर्यंत. जास्त नाही.
जास्त खरवडणारा हात
मी वास्कोला, बोटींचे रेडिओ उघडताना,
कायतान मेस्ताच्या शिव्या खाऊन सोडला.
तार नको तापवू रे, म्हणायचा,
जागा तापव.
जागा तापली की सोल्डर आपसूक धावतं.

केसाहून बारीक तार.
श्वास घेताना हात हलतो,
सोडताना कमी हलतो,
तेवढ्यात टेकवायचं.
पहिली रेघ: मीटर वाजला.
दुसरी: वाजला.
तिसरी गप्प.
पुन्हा खरवडली, पुन्हा तार,
गप्प.
उठलो, चहा केला, प्यायलो नाही.
बोर्ड खिडकीकडे तिरका धरला
तेव्हा समोरच्या फार्मसीच्या दिव्यात दिसलं,
चीर आणखी दोन मिलिमीटर पुढे गेलेली,
रंगाखालून.
मी जिथे जोडत होतो तिथे ती तुटलेलीच नव्हती.

दात एका मेलेल्या कार्डाचा लावला.
कपॅसिटरही त्याचाच,
तिच्या डबीतल्याचं एक टोक तिकडेच राहिलं होतं.
पडदा लागला, आधी हिरवे पट्टे,
पोटात गोळा,
मग कार्ड काढून, पुसून, पुन्हा बसवलं
आणि चित्र स्वच्छ.
चार तास तापवत ठेवलं. पंखा फिरत राहिला.

शनिवारी आली. पैसे आधी मोजून ठेवले.
मग म्हणाली, "हांवेंच ओडलें तें."
नऊ दिवस झाले.
जेवतो, ताट धुतो, बोलत नाही.
"खंय मोडिल्लें, दाखय."
मी भिंग तिच्याकडे वळवलं.
बराच वेळ डोळा लावून होती.
"इतलेंच?"

मी एक जुना बोर्ड टेबलावर ठेवला,
त्यात एक निकामी कार्ड खोचलं.
आधी हा खटका दाबायचा, म्हटलं,
मग सरळ वर.
तिनं दाबला. टक्.
मी पुन्हा खोचलं. टक्.
तिसऱ्यांदा तिनंच खोचलं, तिनंच काढलं,
आणि चौथ्यांदाही,
मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो तरी.

डबी घेऊन गेली. मोहरी राहिली,
चिमट्याजवळ, चटईवर.
मी ती कपॅसिटरांच्या खणात टाकली.
काल एक भाग शोधताना हाताला आली,
भिंगाखाली धरली,
टोकं नाहीत,
परत ठेवली.