पट्टे

ब्रेक दिला, म्हणतात.
काढलं, असं कोणी म्हणत नाही.
दोनशे चाळीस दिवस भरू द्यायचे नसतात,
म्हणून दोनशे तिसाव्याच्या आसपास
ठेकेदाराचा माणूस, तिडके, गेटवर चहा पाजतो.
पूर्ण कप.
अर्धा पाजला तर समजायचं, अजून काम आहे.

सहा पट्टे आहेत माझ्याकडे, गळ्यात घालायचे.
कार्डं परत घेतात. पट्ट्यांचं कोणाला काही नसतं.
अंबडला मी वाल्मीक होतो,
गोंद्याला वाल्मिकी,
मुसळगावात कंप्युटरवर बसलेल्या पोरीने
बालमीक करून टाकलं
आणि मी त्या नावाला ओ देत राहिलो.
पीएफ अजून त्या बालमीकच्या नावावर पडून आहे.
भेटला कधी तर मागेन.

पट्टा कुत्र्यालाही असतो, असं म्हणायचा मोह होतो.
पण आमच्या गल्लीतल्या कुत्र्याला पट्टा नाही
आणि तो रोज जेवतो.

सकाळी साडेसहाला पपया नर्सरीच्या चौकात उभा राहतो.
कंपन्यांच्या बस येतात, पांढऱ्या, पडदे लावलेल्या.
आत परमनंट माणसं तोंड उघडं टाकून झोपलेली.
बस आपल्यासाठी थांबणार हे ज्याला माहीत आहे
तोच असा झोपतो.

परवा सातपूरला इंटरव्ह्यू झाला.
समोरचा पोरगा माझ्या भाच्याएवढा.
वयाच्या रकान्यात त्रेचाळीस लिहिताना
त्याचं पेन जरा थांबलं.
म्हणाला, पाच वर्षांत सहा ठिकाणं,
टिकत का नाही तुम्ही?
मी म्हटलं, साहेब, मी टिकलो.
एक कंपनी चाकणला गेली,
एक भावाभावांच्या भांडणात गेली,
एकीच्या शेडमध्ये आता लग्नं लागतात.

त्याला हसू आलं. खरंच आहे ते.
मेहुण्याच्या पोराच्या लग्नात जेवलोय मी तिथे.
माझी लेथ होती त्या जागी जिलबीची कढई होती.
खाली फरशीत चार बोल्टांची भोकं,
सिमेंटने बुजवलेली, जरा वेगळ्या रंगाची.
पंगत उठेपर्यंत त्यातल्या एकावर
पाय ठेवून उभा राहिलो.
शैलाला वाटलं, मला जागा मिळाली नाही.

व्हर्नियर लावायच्या आधी
माझी चिमूट सांगते, किती कापायचं राहिलंय.
हे सांगायला फॉर्मवर रकाना नव्हता.

शैलाचं कामही मोसमी.
फेब्रुवारी ते एप्रिल, मोहाडीच्या पॅकहाउसात,
डोक्याला जाळी लावून, द्राक्षाच्या घडातले
तडकलेले मणी बारीक कात्रीने उडवायचे.
एका मण्यापायी अख्खा घड जातो का, विचारलं मी.
नाही, म्हणाली, मणी काढायचा,
घड जातो हॉलंडला.
आणि मणी?
ती मानेवरची घामोळी खाजवत राहिली.
मग म्हणाली,
खाली क्रेटमध्ये. संध्याकाळी तोही
कोणीतरी वजन करूनच नेतं.

मला समजावायला म्हणाली की
नुसतं सांगितलं, कळलं नाही.
पण त्या रात्री झोप लागली.

खुंटीवरचे पट्टे पोरीने काढून नेले.
गॅलरीत डालड्याच्या जुन्या डब्यात कारलं लावलंय तिने.
वेल गजांना बांधायला सुतळी नव्हती.
आता कंपनीचं नाव अर्धं पानाआड,
अर्धं बाहेर,
आणि जिथे माझा फोटो लटकायचा त्या हुकात
वेलाने एक तंतू घालून पाहिलाय.

उद्या तिडकेने बोलावलंय.
आधार, दोन फोटो, पासबुकाची झेरॉक्स.
नाव मी स्वतः लिहून देणार, ठळक अक्षरात.
सातवा पट्टा मिळाला तर तो देणार नाही,
असं पोरीला सांगितलं.
नको देऊस, म्हणाली, वेल पोचेल तोवर पत्र्यावर.

बियांचं पाकीट अजून खिडकीत आहे.
मागे लिहिलंय, साठ दिवसांत फळ.
साठ दिवस.
तेवढे तर कोणीही ठेवतं.