एकशे ऐंशी मिलिसेकंद

राउमाच्या गोदीत बाबांनी एकतीस वर्षं
जहाजांच्या पोटाला शिवण घातली.
वेल्डिंगची. पाणी कधी आत आलं नाही.
ताइस्तोची शिवण, असं म्हणायचे तिथे.
आता त्यांच्या उजव्या अंगठ्याला
सारखं स्वतःचंच काहीतरी सांगायचं असतं.

डिसेंबरात इथे तीनलाच दिवस मिटतो.
तेव्हा ते टीव्हीपुढे बसतात
आणि मी बसवून दिलेला मेनू उघडतात:
जुन्या खेळांची यादी, प्रत्येकाच्या डब्याचं चित्र, खाली साल.
त्यांना हवा असतो तो नावाड्याचा, नदी ओलांडायचा.
कॅसेटवर होता, तेव्हा सुरू व्हायला सात मिनिटं घ्यायचा,
आणि आम्ही दोघं श्वास धरून बसायचो,
कारण घरात कोणी जड पावलांनी चाललं की फीत अडखळते
अशी आमची श्रद्धा होती.

आता फीत नाही. आता यादी पळते.
एकदा दाबलं की दोन घरं, कधी तीन.
नावाडी येतो, निघून जातो.
बाबा मागे फिरतात, तो पुन्हा निसटतो.
ते काही बोलत नाहीत, कॉफी ओततात.
बशीत किती सांडली ते मी बघत नाही.

हा प्रोग्राम कोणाचा? कोणाचाच नाही.
ज्याला जे खुपलं ते त्याने दुरुस्त करून ठेवलं,
रानातल्या झोपडीतून निघताना
पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवतात तसं.
मी कागदगिरणीत रात्रपाळीला वाफेचा दाब बघते.
कोड येतो तो हौसेपुरता, अर्धामुर्धा.
तीन रात्री उसवल्यावर सापडली ती जागा
जिथे बटणाचा प्रत्येक झटका खरा धरला जात होता.
तिथे मी एक थांबा घातला.
एकशे ऐंशी मिलिसेकंद.
तेवढ्यात पुन्हा आलेलं दाबणं, ते दाबणं नव्हे.
नऊ ओळी. पाठवून दिल्या.

पाच दिवसांनी उरुग्वेतून, पायसांदूहून, नेलिदाचं उत्तर.
तिच्याकडे उन्हाळा. मी तिला कधी पाहिलेलं नाही.
चौथ्या ओळीच्या शेवटी मोकळी जागा सुटलीय, काढ.
सातवीतलं नाव बदल, अर्थ लागत नाही.
आकडा ठोकून बसवू नकोस, सेटिंगमध्ये आण.
आणि, हे कोणाला लागतं?

पहिली तीन कामं अर्ध्या तासात उरकली.
चौथ्यापाशी पाळी संपली.
आजाराचं नाव लिहिलं, खोडलं.
‘वयस्क वापरकर्ते’ लिहिलं.
बाबांना कोणी वापरकर्ता म्हटलं
तर ते उठून बूट शोधायला लागतील.
शेवटी लिहिलं:
एका वेल्डरला नदी ओलांडायची आहे.

तिने यावर काही म्हटलं नाही.
हिरवी खूण आली, ओळी आत गेल्या.
फक्त सेटिंगचं नाव, मी ‘कंपरोध’ ठेवलं होतं,
ते बदलून तिने केलं होतं: ठाम हात.

मार्चमध्ये नवी आवृत्ती निघाली.
बाबांना न सांगता ती चढवली, सेटिंग चालू केलं
आणि स्वयंपाकघरात उगाच भांडी हलवत राहिले.
कान बाहेर.
टक्.
टक्.
टक्. एकेक घर.
मग नावेची ती तीन सुरांची धून.

बाबा आत आले. दिव्याखाली हात धरला,
पालथा, मग उताणा.
“नवी गोळी लागू पडलीय,” म्हणाले.
मी म्हटलं, हो, दिसतंय तसं.

जूनमध्ये कोणीतरी, गाव नाही, देश नाही,
विचारलं: हा आकडा चारशेपर्यंत नेता येईल का?
मी मर्यादा सहाशे करून टाकली.
कोणासाठी ते विचारलं नाही.
बाबांचा आकडा मागच्याच आठवड्यात
मी दोनशे वीस केलाय.