निरंक

वनखात्याच्या वहीत पाच रकाने:
दिनांक, वेळ, पाण्याची पातळी, दिसलेली कासवं, शेरा.
पहिले तीन मी घड्याळ आणि खुंटी बघून भरतो.
चौथ्यात बहुतेक दिवशी एकच शब्द,
सुकेशनीताईंनी शिकवलेला: निरंक.
'काहीच नाही' असं लिहायचं नसतं म्हणे
सरकारी कागदावर.

पहिल्या दिवशीच ताई म्हणाल्या,
मामा, तुम्ही भोई. तुम्हाला ठाऊक असेल
ती कुठं दबतात.
ठाऊक होतंच.
मऊ पाठीचं कासव मी तळपायानं ओळखायचो.
टाच टेकवली की खालची जमीन
जराशी दचकते.
पैठणला, बाजारात नाही, बाजाराच्या मागं,
गोणपाटात, उलटी करून,
वीस वर्षं विकली.
ह्याला वहीत रकाना नाही.

मार्गशीर्षात नाथसागर मागं सरकतो,
कधी वीतभर, कधी हातभर,
आणि उघड्या पडलेल्या ओल्या काळ्या जमिनीवर
लोक गाळपेरा करतात. हरभरा, मग टरबूज.
तिथंच रात्री कासवीण येते.
एकाच तुकड्यावर दोघींचा डोळा,
तिचा आणि द्रौपदाबाई पवळेचा,
आणि सातबारा दोघींच्याही नावावर नाही.

मुनीरभाईचा ट्रॅक्टर चालूच होता.
ताईंनी कायद्याचं कलम सांगितलं.
द्रौपदाबाई म्हणाली, "कलम डाळिंबाचं आसतंय, बाई.
मला हरभरा पेरायचाय."
मी खाली बसलो. बोटांनी माती बाजूला केली.
सात अंडी. सुपारीहून थोरली, पांढरी.
उचलली नाहीत. फिरवायची नसतात ती,
वरची बाजू वरच राहावी लागते.
ती बराच वेळ बघत राहिली.
मग ओरडली, "मुनीर, चार तास सोड!"
"चार तास? तवर डिझेल कोण भरंल?"
"आरं नांगराचं तास, येड्या!"

उन्हाळाभर बेशरम उपटली, मुळासकट.
तोडून भागत नाही, नावच तसं आहे.
जलपर्णी ओढून काठावर वाळत टाकली.
पाणकणीस ठेवलं, ताईंच्या सांगण्यावरून.
कासवांना ऊन खायला बाभळीचा ओंडका पाण्यात सोडला.
त्यावर बगळा बसतो.
कासव बसतं बुडालेल्या गावाच्या विहिरीपाशी,
चैत्रात वर येणाऱ्या थारोळ्यावर.
तिथं शिंद्यांची मोट रिती व्हायची,
मी शाळेतून येताना पाय धुवायचो.
ताईंच्या नकाशात ते आता
'ऊन घेण्याची जागा, क्रमांक तीन'.

आषाढ सरता सरता निरोप आला:
नाशिककडनं पाणी सोडलं.
गावात कुणी पेढे वाटले.
आणि माझ्या पोटात गोळा.
आयुष्यभर ज्या पाण्याची वाट पाहिली
ते येतंय म्हणून भ्यायलो,
हे कुणाला सांगणार?

रात्री तिघं होतो, बॅटरी द्रौपदाबाईनं धरलेली.
वहीच्या शिसपेन्सिलनं प्रत्येक अंड्यावर
वरच्या बाजूला एक टिंब दिलं,
वाळूच्या घमेल्यात तसंच ठेवलं, टिंब आभाळाकडं,
आणि वर, शाळेच्या भिंतीआड, पुन्हा पुरलं.
पहाटेपर्यंत त्या चार तासांवर
गुडघाभर पाणी होतं.

दोन निघाली.
रुपयाच्या नाण्याहून जराशी मोठी.
द्रौपदाबाईनं विचारलं, "बाकीची?"
मी मान हलवली.
ती म्हणाली, "माझाबी हरभरा निम्माच आला,"
आणि पदरानं एकीच्या पाठीवरची वाळू झाडली.
ताई ओरडल्या, हात लावू नका.

सोडून आलो त्यालाही महिना झाला.
काल खुंटी बघायला पाण्यात उतरलो.
टाच टेकवली,
आणि खालची जमीन दचकली.

पाय उचलला. उभा राहिलो, एका पायावर, बगळ्यासारखा,
किती वेळ ते माहीत नाही.

मग वर येऊन वही उघडली.
रकाना विचारतो दिसलेली.
दिसलं तर नव्हतं.
लिहिलं: निरंक.