वर लाल, खाली पांढरा

निकेत, होडी आता तुझ्या नावावर झाली,
म्हणून आत्या एकदाच सांगते.
लिहून दिलं असतं, पण तू वाचणार नाहीस
आणि ओल्या हातात कागद टिकत नाही.

बॅटरी दुधाच्या क्रेटमध्ये बसवलीय,
जुन्या डोलीच्या दोराचे दोन वेढे, वर माझी गाठ.
मोबाइल चार्ज करायला ती सोडू नकोस.
फ्यूज उडाला तर डबीत तीन ठेवलेत.
सिगरेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळायची नाही.
तुझ्या बापाने गुंडाळली होती.
वायर जळत होती,
आणि सुक्या बोंबलाच्या वासात
आम्हाला ते तासभर कळलं नाही.

तांब्यावर हिरवं चढलं की खरवड,
वर बोटभर ग्रीस.
खारं पाणी घाई करत नाही,
सुट्टीही घेत नाही.

चालताना लाल डाव्या हाताला, हिरवा उजव्या,
पांढरा काठीवर.
डोल लावून थांबलास की बाजूचे दोन्ही बंद.
काठीवर फक्त वर लाल, खाली पांढरा.
म्हणजे, इथे माणसं आहेत,
जाळं पाण्यात आहे,
आम्हाला पटकन हलता येत नाही, तुम्ही वळा.
एवढं लांबलचक बोलणं
दोन बल्बांत मावतं.

पांढऱ्याच्या खाली पत्र्याची थाळी ठोकलीय,
जेवणाचीच आहे, काळी रंगवलेली.
काढू नकोस.
तो उजेड तुझ्यासाठी नाही.
तुझ्या डोळ्यात उतरला
तर होडीपुढचं पाणी भिंत होतं.
करंदी निवडायला टॉर्चवर लाल कागद लाव,
गणपतीच्या मखरातला उरलाय, माळ्यावर आहे.

आता खरी अडचण.
माहुलच्या खाडीतून तोंड बाहेर काढलंस
की पाठीमागे सगळं शहर पेटलेलं.
रिफायनरीची ज्योत, पीरपावचे पिवळे दिवे,
चेंबूरचे नवे टॉवर.
त्यांच्याही डोक्यावर लाल,
खाली खिडक्या पांढऱ्या.
बार्जवाल्याला लांबून वाटतं
तूही एखादी इमारत.
चाळिसाव्या मजल्यावर कुणी दात घासतंय,
आणि तू चार हात पाण्यावर.

जोमाकाकाचं तेच झालं.
अमावास्येची उधाणभरती, बल्ब गेला,
आणि कोळशाचा बार्ज, आवाज नाही,
नुसता अंधारातला जास्त काळा अंधार.
ओरडून उपयोग नव्हता.
काकाने अंगातलं बनियन काढलं,
वल्ह्यावर अडकवून उभं धरलं
आणि टॉर्च मारला, बार्जवर नव्हे,
बनियनवर.
पाण्यावर एक पांढरा माणूस उभा राहिला,
डोकं नसलेला.
बार्ज वळला. लाटेने होडी अर्धी भरली.
काका घरी उघडाच आला,
काकी आधी बनियनवरून भांडली,
कारण नवीन होतं.
मग पायरीवर बसली ती उठेचना.

म्हणून क्रेटच्या कोपऱ्यात
पिशवीत गुंडाळलेलं एक बनियन आहे.
घालायचं नाही ते.

तू गेलास की मी जेट्टीवर येते.
नाही, काळजीबिळजी नाही,
घरात डास असतात.
उभी राहून शोधते, सापडत नाहीस.
लाल शंभर, पांढरे हजार.
मग मी शोधणं सोडते,
डोळे सैल करते, थांबते.
जरा वेळाने त्या सगळ्या गर्दीत
दोन दिवे थोडे डुलतात.
एवढ्यावर मी घरी जाते.

बाकी तुला माहीत आहे.
भरती कधी, वाण कुठे, निवटी कशाला भुलते,
ते तू माझ्यापेक्षा बरं जाणतोस.
परत आलास की गोड्या पाण्याचा फडका फिरव,
मग वायर सोड.
आधी काळी.